तीन नंबरच्या मशीनचा अर्थ

सोमवार, ३ जून

आजपासून फील्डवर्क. आजपासून रागवायचं नाही. संशोधकाने रागवून चालत नाही.

सकाळीच राग आला. आई म्हणाली, माझ्याबरोबर येतेस तर केस घट्ट बांध, रोलरमध्ये अडकतात. मी म्हटलं, मी कामाला नाही, अभ्यासाला येतेय. ती म्हणाली, रोलरला ते कळत नाही.

आई एकोणीस वर्षं या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालते. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. एम.ए.चा प्रबंध याच लाँड्रीवर. वर्गातल्या बाकीच्यांनी सर्व्हे घेतलेत: वय किती, मुलं किती, हो की नाही. मला आकडे नकोत. माणसं जे करतात त्याचा त्यांच्या लेखी काय अर्थ असतो, ते मला लिहायचंय. याला दाट वर्णन म्हणतात. बाबांना समजावून सांगितलं. वीस मिनिटं. ते म्हणाले, बरं.

गुरुवार, ६ जून

सापडलं! चौथ्याच दिवशी!

ड्रायर एकूण पाच. तीन नंबरच्या दांड्याला निळं फडकं बांधलेलं. ते मशीन म्हणे बंद आहे. पण रोज अकरा वाजले की एक बाई आपलं काम शेजारणीकडे सरकवते, त्या मशीनपाशी जाते, फडक्याची गाठ डावीकडून उजवीकडे करते आणि मशीनमागे दिसेनाशी होते. पंधरा मिनिटांनी बाहेर येते. चेहरा शांत. गाठ पुन्हा डावीकडे. मग दुसरी बाई. क्रम ठरलेला, वयाने मोठी आधी. आई दुसरी, सव्वाअकराला.

बंद पडलेल्या यंत्रापुढे रोज नतमस्तक होणाऱ्या बाया! आणि हे सर्व्हेवाले विचारणार, मुलं किती.

शनिवार, ८ जून

घडीच्या टेबलावर एक मावशी आहेत, आवाजामुळे सगळ्या त्यांना तोफ म्हणतात. त्यांना विचारलं, मावशी, त्या निळ्या फडक्याचं तुमच्या मनात स्थान काय? म्हणाल्या, मशीन बंद आहे. मग मागे काय आहे? म्हणाल्या, भिंत. सगळ्या हसल्या. मी धीर सोडला नाही. विचारलं, त्या भिंतीशी तुमचं नातं काय? तोफ म्हणाली, सासर.

टेबल बडवून हसल्या. आईसुद्धा!

इतका संताप आला. मी कोणासाठी करतेय हे? यांचं जगणं विद्यापीठात नेणार आहे मी! आणि यांना थट्टा सुचते. बसस्टॉपवर डोकं थंड झालं. थट्टा हाही डेटाच. ‘भिंत म्हणजे सासर’ याखाली दोन रेघा मारल्या. प्रकरण याच वाक्याने सुरू करणार.

मंगळवार, ११ जून

आईला घरी विचारलं. ती बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. म्हणाली, ते लिहू नकोस. का, विचारलं. म्हणाली, सांगितलं ना. हे काय कारण झालं? मी शांतपणे समजावलं की कधी कधी माणसाला स्वतःच्याच वागण्याचा अर्थ दिसत नाही, म्हणून संशोधक लागतो. ती म्हणाली, टॉवेल दे.

शिकलेल्या मुलीचं घरात कोणी ऐकत नाही. तिचे पाय फार सुजतात हल्ली. प्रबंध झाला की डॉक्टरकडे न्यायचं.

नोंद: पवित्र गोष्टीबद्दल बोलायला मनाई. उदाहरण, माझी आई.

सोमवार, १७ जून

गाईड मॅडमनी प्रकरण वाचलं. म्हणाल्या, निरीक्षण उत्तम आहे, अगदी मिनिटामिनिटाचं. पण हा अर्थ त्यांचा की तुझा? मशीनमागे जाऊन पाहिलंस का? मी म्हटलं, तिथे डोकावणं म्हणजे त्यांच्या श्रद्धेवर आक्रमण. मॅडमनी पानं माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, एक दिवस त्यांच्याबरोबर पूर्ण पाळी काम कर, मग बोलू.

वा! मी तिथे उभी राहू नये म्हणून आईने मला शिकवलं, आणि मॅडम मला तिथेच उभी करतायत. हे तोंडावर सांगायला हवं होतं. जिना उतरताना सुचलं.

बुधवार, १९ जून

पूर्ण पाळी केली. म्हणजे चाळीस मिनिटं. मग टिपणं ताजी असतानाच लिहायला हवीत म्हणून मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसले. पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण ते प्रबंधात घेता येत नाही. व्यक्तिगत आहे.

अर्थ बदललेला नाही.

शुक्रवार, २१ जून

ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्यायचं, हे आमच्या शास्त्राचं तत्त्व. प्रकरणाची प्रत घेऊन गेले. बाया कामात होत्या. मॅनेजरला वेळ होता. त्याने अकराच्या अकरा पानं वाचली. सातव्या पानावर, जिथे क्रम आणि वेळा आहेत, तिथे थांबून विचारलं, हे बरोबर आहे ना? मी म्हटलं, मिनिटाचा फरक निघणार नाही. त्याने उठून माझा हात हातात घेतला.

घरात कोणी चार ओळी ऐकत नाही. असा वाचक मिळायला नशीब लागतं.

सोमवार, २४ जून, दुपारी साडेबारा

पेन कागदात रुततंय. रागाने.

सव्वाअकराला मॅनेजर मेकॅनिकला घेऊन आला. फडकं सोडलं, बटण दाबलं. मशीन लगेच सुरू. काहीही बिघडलं नव्हतं. मग दोघांनी ते पुढे ओढलं. मागे फाटक्या चादरींची जाड घडी, पाय वर ठेवायला एक उपडी बादली, आणि आई. चपला काढून बसलेली. मशीनच्या आवाजाने ती उठायला गेली, पण तिचे पाय लगेच उचलत नाहीत. सगळ्यांसमोर भिंतीला धरून उठली.

मॅनेजरने सांगितलं, पाळीत बसायचं नाही हा नियम नवीन नाही. मशीनमागची जागा उद्या जाळी लावून बंद.

त्याने माझा अर्थ वाचलाच नाही! नुसत्या वेळा वाचल्या! अकरा पानांतून माणसाने एवढंच घ्यावं?

तोफ माझ्या शेजारून गेली. म्हणाली, शिकलीस हो. आणखी काही नाही. थट्टासुद्धा नाही.

घडीच्या खात्यात एकही खुर्ची नाही. टॉवेलांच्या रंगांवर मी दीड पान लिहिलंय. खुर्ची कुठेच नाही. आत्ता पुन्हा पाहिलं.

मंगळवार, २५ जून

मॅनेजरला खडसावायचं ठरवून गेले. पाच मुद्दे कागदावर काढले होते. पहिला: तुम्ही माझ्या संशोधनाचा गैरवापर केलात. दुसरा: जाळी काढा.

तो म्हणाला, बसा. म्हणाला, वीस वर्षांत इतकी बारीक नजर पाहिली नाही. घडी खात्याला सुपरवायझर हवी आहे, एक तारखेपासून या. शिकलेलं माणूस हवंच होतं.

असा संताप आला! विचार करून सांगते, म्हटलं.

पाच मुद्दे पर्समध्येच राहिले.

बुधवार, २६ जून

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, नेमणुकीचं पत्र मिळालं की दाखव. आईने विचारलं, काम काय असतं? मी म्हटलं, कोण किती वेळ जागेवर नाही ते लिहायचं. मी नाहीच म्हणणार आहे. उद्या. ठणकावून.

सोमवारपासून आई माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलली. म्हणाली, घे. सुपरवायझरला खुर्ची असते.