चिंगीचा जोडीदार

७ मे

पोचलो! तळ्याकाठच्या हॉलिडे होममधली तीच खोली, तीच कुरकुरणारी खाट. सामान टाकून जेवणाच्या हॉलमध्ये गेलो आणि समोर कोण — शिडी! मागच्या सुट्टीत माझ्या नातीचा हात धरून तळ्याभोवती फिरणारा तो उंचच उंच पोरगा. आईवडिलांच्या मध्ये बसून मुकाट सूप पीत होता. चिंगी आल्या पावली परत फिरली.

"आजी, उद्या सकाळच्या बसनं घरी जाऊ या ना. प्लीज."

गेल्या सुट्टीनंतर थोड्याच दिवसांत दोघांचं बिनसलं होतं. का ते पोरीनं सांगितलं नाही. पण तिची ओली उशी उन्हात मीच टाकत होते. मला काय कळत नाही? सोडून गेला मेला!

८ मे

बस चुकली. चुकवली म्हणायला हवं — एक चप्पल मी फारच सावकाश शोधली. कॉन्व्हेंट शाळेत असते तर सिस्टरांनी हातावर पट्टी मारली असती. पण माझ्या नातीनं का पळायचं? पळायचं तर त्यानं.

९ मे

टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीसाठी जोडी नसलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. व्यवस्थापक टोपीतून एकेक नाव काढत होते. चिंगीचं नाव आलं, आणि तिच्या जोडीला — शिडी! पोरगी पांढरीफटक पडली. "मी नाही खेळणार."

"वा! एक जोडी आपोआप कटली," दातांचे डॉक्टर म्हणाले. कप दरवर्षी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाईच नेतात. कपाटात जागा उरली नाही, असं वर लोकांना सांगतात.

चिंगीनं मान वर केली. "फुकट नाही मिळणार कप, काका."

माझंच रक्त!

१० मे

सराव कसला, तमाशा! दुहेरीत दोघांनी आळीपाळीनं मारायचं असतं. एकानं मारलं की लगेच बाजूला व्हायचं, म्हणजे दुसरा पुढे येतो. हे दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, मग कळणार कसं? दोनदा धडकले. एकदा तर दोघंही सभ्यपणे उभे राहिले आणि चेंडू मधून टुकटुक करत निघून गेला.

मला राहवेना. उठले. आमच्या सिस्टर पायघोळ पांढऱ्या झग्यात खेळायच्या आणि ओरडायच्या, "मारलं की सरका, मुलींनो! जोडीदाराला जागा लागते!" तेच या दोघांना सांगितलं. सिस्टरांचं हे वाक्य खेळात मला लगेच जमलं. संसारात जमायला निम्मं आयुष्य गेलं. ह्यांनी मात्र कधी बोलून दाखवलं नाही. आज ह्यांची फार आठवण आली.

११ मे

आज दोघं बोलली! "तुझा." "माझा." "सोड!" आणि चिंगीचं सारखं "सॉरी, सॉरी."

पहिली फेरी जिंकली.

१२ मे

दुसरीही जिंकली! पण माझा राग काही जाईना. संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी शिडीला एकटा गाठला.

"काय रे, माझ्या नातीला रडवताना काहीच वाटलं नाही?"

तो कपात बघत राहिला. कान लाल. "चुकलं, आजी."

"चुकलं म्हणे! चांगल्या घरचा ना तू? सोडायचंच होतं तर नीट सांगून सोडायचं. ही कुठली रीत?"

"हो, आजी."

त्यानं माझ्या चहात साखर घालून दिली. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. म्हणणारही नाही!

१४ मे

जिंकलो!! कप आमचा!

पहिला गेम डॉक्टरांनी सहज खाल्ला. दुसरा आमचा. तिसऱ्यात ड्यूसवर ड्यूस, बरोबरी काही सुटेना. डॉक्टरीणबाई चेंडूला अशी फिरकी देतात की तो टेबलावर पडून भलतीकडेच पळतो. सगळा हॉल खुर्च्यांवर चढला होता — मीसुद्धा, गुडघ्यांना न विचारता.

शेवटच्या पॉइंटला चिंगीनं मारलं, पण सरकायला जागाच नव्हती. चेंडू थेट तिच्या अंगावर परत आला. मारायची पाळी शिडीची. पोरगी चटकन खाली बसली — मागे न बघता! आणि त्यानं तिच्या डोक्यावरून सणसणीत लगावला. डॉक्टरांची बॅट हवेतच!

मी एवढी ओरडले की व्यवस्थापक पाणी घेऊन धावले. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडायला धावली, मध्येच थबकली, आणि हात मिळवले — दोन मुख्याध्यापकांसारखे! डॉक्टर दातओठ खात होते. दातांच्या डॉक्टरला हे शोभतं का?

"आजी, नातीला खायला काय घालता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कपाटात जागा केली हो आम्ही," मी म्हटलं.

१५ मे

दुपारभर दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर बसली होती. चिंगी परत आली ती डोळे सुजलेले आणि हसू आवरेना. मागितली वाटतं पोरानं माफी. उशिरा का होईना!

१७ मे

घरी. बसमध्ये चिंगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, त्यानं नव्हतं सोडलं. माझ्या मैत्रिणी त्याला हसल्या, आणि मीही हसले. त्याच्यासमोर. मग मला इतकी लाज वाटली की त्याचे फोनच घेतले नाहीत. परवा पायऱ्यांवर सगळं बोलले मी."

"अगं, मग मी त्याला एवढं तोडून बोलले तेव्हा त्यानं—"

"मला नंतर म्हणाला, आजी माझ्यावर रागावल्या तर चालेल. तुझ्यावर नको."

रविवारी जेवायला बोलावलंय त्याला. फोन मी केला.