गाळ्याचं नाव, प्रत्येक ओळीत

४ फेब्रु. २००८, सोम.
दापोड्याला गोडाऊनच्या ऑफिसात पाय ठेवला तोच फोन सुरू. कुठला माल कुठल्या गाळ्यात पडलाय हे मला विचारायचं, अशी इथली रीत. डिस्पॅचचा अन्वरभाई तर दिवसभर, मॅडम मिक्सर किधर है, मॅडम पंखा किधर है. एक्सेलची शीट आहे, पण माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही.
सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई दिघाशीला बोलावतेय. मॅनेजर मिश्राजींकडे रजा मागितली. म्हटलं, परत येणार आहे, जागा राहील ना? म्हणाले, "देखेंगे. पहले ऐसा शीट बनाओ कि तुम्हारे बिना काम चले."
त्यांचं देखेंगे मला माहितीये. पण बनवायला तर हवी.

६ फेब्रु.
शीटमधलं पिव्होट, म्हणजे गाळ्यागाळ्याने मालाची यादी, उघडून बसले. घोळ असा, गाळ्याचा नंबर एकदाच वर येतो आणि खालच्या मालापुढे रिकामं. दिसायला छान. मालावरून गाळा शोधायला व्हीलुकअप लावला की बोंब. शिवाय गाळा डावीकडे, माल उजवीकडे, आणि या व्हीलुकअपबाईला डावीकडे वळून बघताच येत नाही.
सगळं नुसत्या व्हॅल्यू म्हणून दुसरीकडे पेस्ट केलं. माल पुढे आणला, गाळा मागे. रिकाम्या खान्यांत 'वरचाच नंबर घे' असं सूत्र एका फटक्यात भरलं. मध्येच लाईट गेली. सेव्ह केलं होतं, वाचले.

८ फेब्रु., शुक्र.
माती खाल्ली. सूत्रं तशीच ठेवून माल एबीसीडीने लावला. ओळी हलल्या, वरचा नंबर बदलला, सगळ्यांचे गाळे बदलले. मी शीट बघून सांगितलं, अन्वरभाई पंखे काढायला गेला तर गाळ्यात इस्त्र्या. ट्रक बाहेर उभा, ड्रायव्हर शिव्या घालतोय.
मनात आलं, राहू दे अशीच. शीट बिघडलेली असली की मी लागणारच. लाज वगैरे वाटली नाही, खरं सांगायचं तर.
दुपारी दुरुस्त केली. आधी सूत्रं काढून नंबर पक्के, मग एबीसीडी.

११ फेब्रु.
आता वेगळंच. शीटमध्ये गा. नं. बी-७, पण इथे नंबर कोण म्हणतंय? ज्याच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं त्याचं नाव. भोईर का गाला, म्हात्रे का गाला. नंबर फक्त हेड ऑफिसला ठाऊक. म्हणून नंबराशेजारी हे नावही टाकलं, प्रत्येक ओळीत.
अन्वरभाईला बसवलं. एका बोटाने मिक्सर टाइप केलं, भोईर आलं. गडी खूश, पुन्हा पुन्हा करून बघत होता. अब आपको तकलीफ नहीं देंगे म्हणाला. बरं वाटलं. आणि नाहीही.

२० फेब्रु.
दिघाशी. रजा सुरू. कामावरून एकही फोन नाही. रेंज बघायला अंगणात जाऊन आले. रेंज आहे.
आई म्हणते, "कामावरून फोन येत न्हाय ता बराच हाय ना? जेव."
तिला काय सांगू.

२५ फेब्रु., सोम.
अन्वरभाईचा फोन आला एकदाचा. मालासाठी नाही, तब्येत विचारायला. सगळं पटकन सापडतं म्हणाला, दुवा देत होता. सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या जागेवर कोणाला घेतलं?
"किसी को नहीं, मॅडम. कम्प्यूटर मेरे टेबल पे ला के रखा है."
कोणाला घेतलं नाही म्हटल्यावर आधी हायसं वाटलं. फोन ठेवला आणि मग कळलं, माझी जागाच उरली नाही. राग कोणाचा करायचा? अन्वरभाईचा तर नाहीच.
मिश्राजींचा नंबर काढला. लावला नाही अजून. आई जेवायला हाका मारतेय, बाळ आतून लाथा मारतंय आणि मी अजून त्या नंबराकडेच बघतेय.