आमच्या बिछायतीचा ताळेबंद

आदरणीय शकुआत्याले हिंगणीवरून रुपाचा वाकून नमस्कार.

पहिलेच सांगून देते, शुद्धलेखन चुकलं असंन तर माफ करजो. मोबाईलवरचं अक्षर लहान अन् माहं बोट मोठं, एक ओळ लिहीपर्यंत चहा थंडा होते. (फोन काऊन नाई केला म्हणशीन, तर तुले माहीत आहे, मी फोनवर 'हॅलो'च्या पुढं जात नाई.) तुहा गुडघा कसा आहे? काळी शेळी व्याली का? नाचणगावले नळ रोज येते का? इकडं आम्ही सारे मजेत आहो, बाबा सोडून. बाबाचं खाली येईनच.

माही शाळा नववीत सुटली ती हजेरीपायी. सरनं नाव घेतलं का तोंडातून 'हजर' निघेच नाई, अन् वर्गात बसून मी गैरहजर. मग घरीच, भाड्यानं देतो त्या बिछायतीच्या चादरी धुवून राह्यलती. दिवाळीनंतर सेलूले खत-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बायापोरींसाठी हिशोबाचा वर्ग निघाला, फुकटचा. आईनं ढकललं म्हणून गेली. तिथं रुख्मिणी मॅडम शिकवते. आत्या, अशी बाई मी पाह्यली नाई. आकड्यांची लांब रांग असली तरी मॅडम तिच्यावरून पेन फिरवत खाली येते, तू तांदळातले खडे पाह्यतं तशी, अन् जो आकडा चुकला त्याच्यावरच पेन थांबते. रागावत बी नाई. पहिल्या दिवशी मले नाव इचारलं, मी वहीवर लिहून दाखवलं, तर तिनं बी माह्या वहीवरच लिहून उत्तर देल्लं : 'बसा.' मले आजपर्यंत कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

तिनं पहिला नियम सांगतला, येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा. म्हणजे कोणतीच नोंद एकटी राहत नाई, एका बाजूले लिहिली का दुसऱ्या बाजूले तिची जोडी लिहाच लागते, अन् शेवटी दोन्ही बाजू सारख्या आल्या पाह्यजे. मले हे इतकं आवडलं का बसमधी विचार करता करता हिंगणी निघून गेली. बस बोर धरणावर जाऊन वापस आली तवा उतरली. (गाव दिसलं होतं. थांबवा म्हणाले तोंड उघडलं नाई ते वेगळं.)

मग मॅडमनं आपापल्या घरच्या धंद्याचा हिशोब मांडाले सांगतला. बाबाचा हिशोब तर सारा डोक्यात. स्वयंपाकाच्या गंजावर लाल रंगानं आपल्या नावाचं 'प्रे' काढलं का झाली प्रेमदासची नोंद. मी गाद्या, दऱ्या, गंज, झारे सारे मोजून लिहिले. जुन्या गाद्यांवर घसारा बी लावला, म्हणजे वस्तू वापरून झिजली का तिची किंमत कमी धराची. (आईनं इचारलं, माह्यावर किती लावला. मी पान पलटवलं.) पण बाजू जुळेच ना. एक मोठा झारा कमी. तो नातवाच्या बारशापासून डोमाजीकाकाकडं, म्हणून मागाले गेली. तोंडातून शब्द निघेना. काकूले वाटलं मी टीव्ही पाहाले आली. बसवलं, पोहे देल्ले, पुरी मालिका दाखवली. दुसऱ्या दिवशी बी तसंच. आता त्या मालिकेतल्या सुनेचं सारं मले पाठ आहे अन् झारा तिथंच खुंटीले लटकून आहे. मॅडम म्हणे, मंग त्यांच्या नावे लिही, तो हरवला नाई. पाह्य आत्या, कोणाशी न बोलता झारा सापडला. अशी विद्या माह्यासाठीच काढली असंन.

मंग ते झालं. बाबा मयतीच्या अन् तेरवीच्या बिछायतीचं भाडं घेत नाई, आजोबापासून घेत नाई, हे तुले सांगाले नको. पण गाडीले डिझेल लागते, फाटक्या दऱ्या शिवा लागते. म्हणून मी साऱ्या तेरव्या एका पानावर घेतल्या अन् वर लाल पेननं लिहिलं, 'तोटा'. मले वाटलं बाबा खुश होईन, पोरीनं गळती शोधली. बाबानं पान पाह्यलं. चष्मा काढला, पुसला, परत पाह्यलं.

म्हणे, "लोकाच्या घरचं माणूस गेलं, अन् माह्या घरी त्याले तोटा म्हणते. असं शिक्षण मले नाई पाह्यजे. सेलू बंद."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

मॅडमच्या पुस्तकपेटीतून आणलेली पुस्तकं वापस कराची होती, म्हणून आईनं एक डाव जाऊ देल्लं. मॅडमनं ते पान पाह्यलं. पेन फिरला अन् 'तोटा'वर थांबला. म्हणे, "मालकानं आपल्या मनानं सोडलं ते धंद्याचं नुकसान नाई रुपा. ते त्यानं स्वतःसाठी घेतलं. त्याले उचल म्हणते." म्हणजे कसं, किराणावाला आपल्याच दुकानातून घरी साखर नेते तसं. बाबानं साखर नाई नेली, तेरव्या नेल्या. मी 'तोटा' खोडलं अन् 'प्रेमदास यांची उचल' लिहिलं. आकडा तोच, बाजू तीच, पण ते पान एकदम बाबासारखं दिसाले लागलं.

आता हे बाबाले सांगणार कोण? मी वही उघडून त्याच्या ताटाजवळ ठेवली. त्यानं तिच्यावर भाजीचा गरम गंज ठेवला.

शेजारच्या साऱ्यायले नमस्कार सांगजो. गुडघ्याले तेल लावजो.

तुही भाची,
रुपा

ता.क. खरं काम आता सांगते. बाबाले फोन करजो. तो तुलेच भेते. सोमवारपासून वर्गात खतावणी सुरू होऊन राह्यली, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं पान. ते मले शिकाचंच आहे. सोमवारच्या आत कर.

ता.क. दुसरं. एक गोष्ट लपवली. चष्मा पुसून बाबानं जे पाह्यलं ते पानावरचं पहिलंच नाव होतं. नाचणगाव, मामाजीची तेरवी, पुरी बिछायत. तुह्याच घरधन्याची. ते बी मी तोट्यातच लिहिलं होतं. खोडलं तवा पहिले तेच खोडलं. रागावली असशीन तर फोन नको करू. नसशीन रागावली तर बाबाले एवढंच इचारजो, त्या दिवशी गाडी भरून आणली ती त्यानं कोणासाठी आणलती.

ता.क. तिसरं. आमच्या दुर्गेशदादानं मिशी काढली. कुत्रं त्याले घरात येऊ देऊन नाई राह्यलं.