दुसरीचं दुसरं वर्ष

प्रिय दादा,

रविवारी फोनवर तू सहज सांगून टाकलंस, की सुपरवायझरच्या परीक्षेचा फॉर्म आलाय, पण तू भरणार नाहीस. त्यात गणिताचा पेपर आहे, आणि "माझं गणित कच्चंच, तुला तर माहीतच आहे," असं म्हणून हसलास. तुझी आई असून मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. वीस वर्षं लिफ्टची कामं करतोयस. कुठल्या लिफ्टला किती वजनाचा तोल लागेल, हे तू कागद न घेता सांगतोस, असं तुझा साहेबच मला म्हणाला होता. फॉर्मला महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे ना? मग तो फाडू नकोस. आधी हे वाच.

हॉटेलच्या लाँड्रीत माझी पाळी सकाळी सात ते तीन. तुझे बाबा ट्रक घेऊन गेले की आठ-दहा दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही. सगळं घर तुझ्यावर टाकून मी निघायचे, आणि तू होतास सात वर्षांचा. किल्ली गळ्यात, एका हातात धाकट्याचा हात, दुसऱ्या हातात त्याची पाण्याची बाटली, कारण ती त्याला जड व्हायची. बाराला शाळा सुटली की घरी येऊन झाकून ठेवलेलं जेवण आधी त्याला वाढायचास. तो म्हणजे तुझं शेपूट. तू मोरीत गेलास तरी दाराला पाठ लावून बसायचा. तुझ्या बुटाची नाडी तो सोडायचा, तू बांधायचास, की तो पुन्हा सोडायचा. चादरींच्या घड्या घालताना एक टोक तुम्हा दोघांकडे द्यावं, तर हा मध्येच स्वतःला गुंडाळून घेणार आणि आपण हरवलोय असं जाहीर करणार. मग तू घरभर त्याला शोधल्याचं नाटक करायचास, दर वेळी, न कंटाळता. घडी बिघडली म्हणून मी ओरडायचे ते तुझ्यावर. तू मोठा ना, तुला कळायला नको का? सात वर्षांच्या पोराला मोठं म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

शाळेचं तुला आठवत असेल. बालवर्गापासून दुसरीपर्यंत सकाळची, तिसरीपासून दुपारची. तू तिसरीत जाणार होतास आणि धाकटा पहिलीत. म्हणजे तो घरी यायच्या वेळेला तू शाळेत निघणार. तीन वाजेपर्यंत तो कुणापाशी राहणार? शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी आधी हो म्हटलं, मग त्यांची मुलगी बाळंतपणाला आली तसं नाही म्हटलं. मी पाळी बदलून मागितली, तर मुकादमबाई म्हणाल्या, जमत नसेल तर राहू दे, माणसं पुष्कळ मिळतात. माझ्या नाकी नऊ आले होते. शेवटी निकालाच्या आठवडाभर आधी मी तुझ्या वर्गाच्या बाईंना भेटायला गेले.

इथवर लिहिलं आणि उठून भांडी घासून आले. भांडी दोनच होती.

मी बाईंना म्हटलं, माझ्या मुलाला आणखी एक वर्ष दुसरीतच ठेवा. त्यांना आधी काही कळेना. मुलगा चांगला हुशार आहे, असं करू नका, म्हणाल्या. मी हातापाया पडले. एका वर्षानं काय मोठंसं बिघडणार, तोवर धाकटा एकटा राहण्याइतका होईल, असं काय काय बोलले. अखेर त्यांनी ऐकलं. तू नापास झाला नव्हतास, बाळा. मी तुला नापास केलं.

निकाल घेऊन घरी आलास तेव्हा रडला नाहीस. "आई, माझं काय चुकलं?" एवढंच विचारलंस. खरं सांगितलं असतं तर ते गल्लीभर झालं असतं, तुझ्या पोटात काही राहायचं नाही. मग तोंडाला आलं ते बोलून गेले, की तुझं गणित कच्चं आहे. तू मान हलवलीस आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला समोर बसवून पाढे म्हणायला लागलास. तो चुकला की हसायचास, स्वतः चुकलास की गप्प व्हायचास. बाबा परत आले, त्यांनी तुला तासभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मी त्याच खोलीत इस्त्री करत होते. चकार शब्द काढला नाही. पुढे ते वारले, तेही तू नापास झालास असंच समजून. तू तिसरीत गेलास की सांगू, दहावी झाली की सांगू, लग्न झालं की सांगू, असं करत मी पुढे ढकलत राहिले. दहावीनंतर तू अभ्यास आपलं काम नाही म्हणालास. धाकटा शिकत गेला, प्राध्यापक झाला, आणि 'घरातला हुशार तो' असं तूच कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरलास. मी ऐकून घेतलं.

तुझा फोन आला, मला राहवलं नाही आणि मी लिहायला बसले, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही. सोमवारी धाकटा माझे विम्याचे कागद शोधत होता. कपाटातल्या एका पाकिटात त्याला तुझं दुसरीचं खरं प्रगतिपुस्तक सापडलं. तुझ्या हाती नापासाचं दुसरं लिहून देताना बाईंनी हे मला गुपचूप दिलं होतं. त्यानं विचारलं, तेव्हा कुठे मी सांगितलं. त्यानं प्रगतिपुस्तक मिटून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाला, "दादाचं वर्ष मी खाल्लं, आणि वर त्याला गणितावरून चिडवत आलो." शनिवारपर्यंत तू लिही, नाहीतर मी जाऊन सांगतो, असं बजावून गेलाय. म्हणजे ही हिंमतसुद्धा माझी नाही, त्याची आहे. पत्र तोच घेऊन येतोय. त्याच्यावर रागावू नकोस, तो तेव्हा पाच वर्षांचा होता. माझ्यावर हवा तितका रागाव, बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. फॉर्म मात्र भर. गणितात तुला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते.

तुझीच,
आई