हिरव्या दारूसाठी चमचा

अब्बा, तुमच्या हत्यारांनी मी एक चमचा केला आहे आणि तो दारूसाठी आहे. आता तसेच आणखी सहा हवे आहेत. ते करावेत की नाही, हे विचारायला तुमच्याशिवाय माझ्याकडे कोणी नाही. घरात आपण आपली हिंदीच बोलायचो, पण मला चुका न करता लिहिता येते ती शाळेतली मराठी, म्हणून मराठीत लिहितो. नववीत शाळा सुटली तरी लिहिलेलं पुन्हा वाचून बघायची सवय सुटलेली नाही. हे पत्रही फाडून नव्याने सुरू केलं आहे, कारण आधीच्या पत्रात पहिल्याच ओळीपासून मी स्वतःची बाजू मांडत होतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. चंद्रपूरच्या पठाणपुऱ्यातलं आपलं टिनकामाचं दुकान वर्षभरात दुसऱ्याकडे गेलं, पण हत्यारं अम्मीने कोणाला दिली नाहीत. ऐरण, पत्रा कापायची कातर, कानशी, भोकं पाडायचे सुंबे, सगळं एका पोत्यात बांधून तिने पलंगाखाली ठेवलं. मी काही वर्षं हार्डवेअरच्या दुकानात होतो. मग ओळखीचा एक ड्रायव्हर मला मोहर्लीला घेऊन गेला. ताडोबाच्या गेटाजवळ तिथे रिसॉर्ट झाले आहेत, त्यातल्या एकात मी लागलो. निघताना पोत्यातून एक हातोडी, कातर, एक कानस आणि दोन सुंबे काढून घेतले, किचनमधलं काही दुरुस्त करावं लागलं तर असावेत म्हणून. आधी भांडी घासली, मग जेवण वाढलं, आणि आता दोन हंगामांपासून मला बारमध्ये उभं करतात, कारण माझ्या हातून ग्लास फुटत नाही. अम्मीला मी सांगितलं आहे की मी जेवण वाढतो. तेही वाढतोच. सुरुवातीला बियरच्या बाटलीला हात लागला की मी साबणाने पुन्हा पुन्हा हात धुवायचो, मॅनेजरला वाटायचं मला खरूज झाली आहे. मग मी मनाची एक समजूत काढली, आणि ती तुमच्याच शब्दांतून काढली.

तो माणूस तुम्हाला आठवेल. मूलकडचा, धानाची शेती असलेला, खांद्यावर टॉवेल. मी शाळेतून येऊन भात्याजवळ बसलो आहे आणि तो पिशवीतून एक वाकडी नळी काढून तुमच्यासमोर ठेवतो.

"भाऊ, एवढी झाळून द्या. गळून राह्यली."

"कशाची हाय?"

"पाण्याची."

तुम्ही नळी नाकाजवळ नेता. "पाण्याले मोहाचा वास कधीपासून येऊन राह्यला?"

तो हसतो. तुम्हीही हसता. "तुमाले थोडीच प्याची हाय, भाऊ," तो म्हणतो. "तुमाले झाळाचीच हाय."

"पेसान तुमी. पण टाका तर माहा राहीन ना."

तुम्ही त्याला चहा मागवता, त्याच्या पिशवीतल्या कंदिलाची कडी सुटलेली बघता आणि ती लगेच जोडून देता. नळी मात्र तशीच पिशवीत परत जाते. तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात की त्याचा राग नाही, त्याचं घर त्याला माहीत. आपल्या हाताखालून काय जातं तेवढं आपण बघायचं. तेव्हा मला वाटलं होतं की हे फक्त आपल्या धर्माचं बोलणं आहे. आता वाटतं, ते कामाचंही होतं. गळकं भांडं असो की चांगलं, त्यावर झाळलेला टाका कोणाचा हे तुम्हाला शेवटपर्यंत लक्षात राहायचं.

तर बारमध्ये उभं राहून मी स्वतःला हेच सांगत आलो. बाटली कारखान्यात भरलेली, बूच कारखान्याचं, बर्फ मशीनचा. मी फक्त उघडतो आणि ओततो. यात माझा टाका कुठे आहे? या एका प्रश्नावर मी दोन हंगाम काढले. तुम्ही समोर असता तर असा प्रश्न विचारायची माझी हिंमत झाली नसती, हे मला माहीत आहे.

या उन्हाळ्यात नागपूरचे एक म्हातारे साहेब येऊन राहिले. पुष्कळ वर्षं परदेशात नोकरी करून परतलेले, एकटेच. वाघ दिसला काय, नाही दिसला काय, त्यांना फारसा फरक पडत नव्हता. संध्याकाळी त्यांनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर ॲबसिंथ असं लिहिलेलं. मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, म्हणून लेबलवरची अक्षरं मनात जुळवत उभा राहिलो.

"यातली एक मी घेतली, एक मला कोणी तरी भेट दिली," ते म्हणाले. "एक खरी आहे, एक नुसता रंग. सांग बरं कुठली खरी."

"साहेब, मी पीत नाही."

"मग तर चांगलंच आहे. पिणारा लेबल पाहून बोलतो. तू बाटली पाहून बोल."

मी दोन्ही बाटल्या दिव्यासमोर धरल्या. एक खसच्या सरबतासारखी हिरवीगार, निळसर झाक असलेली. दुसरी मळकट, वाळत आलेल्या तेंदूपानासारखी. तरी खात्री होईना, म्हणून मी पांढऱ्या कागदी रुमालावर दोन्हींचा एकेक थेंब टाकला. पहिलीचा डाग शाईसारखा बसला. दुसरीचा फिका पडत गेला आणि जवळजवळ गवती पिवळा राहिला. मी दुसऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, नवीन माणसाने निवडताना एवढंच बघावं: झाडपाल्याचा रंग भडक नसतो, आणि पाणी पडल्यावर खरीला ढग येतो. मग त्यांनी मला करायला लावलं. ही नुसती प्यायची नसते, फार कडक असते. ग्लासात थोडीच ओतायची, ग्लासवर भोकांचा चमचा आडवा ठेवायचा, त्यावर साखरेचा चौकोनी खडा, आणि खड्यावर बर्फाचं पाणी थेंब थेंब सोडायचं, एकाला चार, कधी पाच. खडा पेटवून दाखवतात त्याला ते सर्कस म्हणाले. त्यांचा तसला चमचा घरी राहिला होता.

"दोन काटे ठेव आडवे," ते म्हणाले. "चालतं."

आणि चाललं, अब्बा. हे मी मुद्दाम लिहितो आहे. काट्यांवर खडा नीट बसला. बारीक चोचीच्या जगमधून मी पाणी सोडत गेलो, माझा हात हलला नाही. आधी तळाशी धुरासारखं काही तरी वळलं, मग ते वर चढलं आणि सगळा ग्लास भाताच्या पेजेसारखा पांढुरका झाला. सौंफचा वास आला. त्याच्यामागे एक कडू वास होता, तो मी ओळखला. लहानपणी पोटात जंत झाले की अम्मी गुळात घालून किरमाणी ओवा द्यायची, तो. मी साहेबांना तसं म्हणालो तर ते खूश झाले. म्हणाले, बरोबर, त्याच घराण्यातलं झाड आहे. मी ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि एक थेंबही चाखला नाही. तेवढं तरी तुम्ही मानून घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब खोलीत झोपले होते. मला काही काम नव्हतं. किचनच्या मागे भंगारात एक फुटकी पितळी थाळी पडली होती. तिचा सपाट तुकडा मी कापून घेतला, ठोकळ्यावर ठेवला आणि ट्रंकेतून हातोडी काढली. तुम्ही हलवायांसाठी बुंदीचे झारे करायचात तसं आधी मध्य काढला, मग त्याच्याभोवती गोल आखले. सुंबा हातात धरल्याबरोबर तुमचं बोलणं ऐकू आलं. मी पाडलेलं पहिलंच भोक वाकडं गेलं होतं तेव्हाचं. "बेटा, छेद टेढ़ा तो बुंदी को पूँछ," असं म्हणून तुम्ही तो अख्खा झारा बाजूला टाकला होता. "हलवाई तेरे को नहीं, मेरे को गाली देगा." मला रडू आलं होतं. संध्याकाळी तुम्ही तोच सुंबा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, हा आजपासून तुझा, पण टाकाऊ पत्र्यावरच चालवायचा.

आमच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या मोहर्लीच्या एक बाई आहेत. ठोकण्याचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या.

"काऊन रे भाऊ, लगनाचा दागिना घडवून राह्यला का?"

"चमचा आहे, बाई."

"त्याले भोकं काऊन? बायकोले उपाशी ठेवतं का?"

"साखरेसाठी आहे."

"साखर तं खालीच सांडन." त्यांनी वाकून भोकं बघितली. मग म्हणाल्या, "पण हात चांगला हाय तुहा. कोणापाशी शिकला?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि भाकऱ्या थापायला परत गेल्या.

पितळावर साखरेचं पाणी कळकू नये म्हणून मी त्याला कल्हईही केली. गावातून नवसागर आणि कथील आणलं. कडा कानशीने घासून अशा केल्या की ओठाला लागल्या तरी कापू नये, खरं तर या चमच्याला ओठ लागतच नाहीत. एवढं सगळं मला कोणी सांगितलं नव्हतं. काट्यांवर काम होत होतं.

त्या संध्याकाळी साहेबांनी चमचा उलटसुलट करून पाहिला. "कुठून मागवलास?" मी म्हणालो, मी केला. "शिकलास कुठे?" आणि मी बारच्या टेबलाशी उभा राहून तुमची गोष्ट सांगितली, चंद्रपूरचं दुकान, बुंदीचे झारे, सगळं. ती नळी तेवढी सांगितली नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी पूर्ण सुटेपर्यंत थांबले, ग्लास थोडा वर उचलला आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या नावानं." आणि प्यायले. मी काय म्हणालो असेन? "थँक यू सर" म्हणालो.

अब्बा, तुम्ही ज्या दारूच्या नळीला टाका दिला नाहीत, तिच्यातल्याहून कितीतरी कडक दारू तुमच्या नावाने प्यायली गेली आणि मी आभार मानले. त्यानंतर मला माझी जुनी समजूत वापरता येत नाही. या ग्लासात टाका कोणाचा, हे कोणीही सांगेल.

जाताना साहेब म्हणाले की पावसाळ्यानंतर पार्क उघडलं की ते मित्रांना घेऊन येतील आणि त्यांना तसेच सहा चमचे हवेत, मित्रांना भेट द्यायला. मी मान हलवून हो म्हटलं. आता रिसॉर्ट बंद आहे, मी चंद्रपूरला घरी आलो आहे आणि पोतं पलंगाखालून ओढलं आहे. मन पळवाटा शोधतं. देशी दारूच्या दुकानातला तो पोऱ्या तुमच्याकडून नरसाळं घेऊन गेला होता, आठवतं? घासलेटासाठी पाहिजे म्हणाला होता. ते कशासाठी आहे हे मला माहीत होतं, आमच्या शाळेच्या रस्त्यावरच तो उभा राहायचा. तुम्हाला माहीत होतं का? मी कितीदा हा प्रश्न मनात घोळवला आहे. तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं, म्हणजे माझं सोपं होईल. आणि मग असं वाटल्याचीच लाज वाटते. तुम्ही विश्वास ठेवून विकलंत. मी जाणून करणार आहे.

करणार आहे असं लिहिलं, तेही बरोबर नाही. चमचे झाले आहेत. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हाच झाले होते. गेल्या आठवड्यात मी अंगणात ठोकायला बसलो आणि अम्मी हातातलं काम टाकून दारात आली. "तेरे अब्बा की आवाज़ आई घर में," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मी ठोकत राहिलो. सगळे झाल्यावर ती राख घेऊन आली आणि सहाही चमचे तिने स्वतः घासले, उन्हात धरून बघितले, पुन्हा घासले. कशासाठी आहेत विचारलं तेव्हा मी सरबतासाठी म्हणालो. तिने ते जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत, कुराणशरीफच्या खालच्या फळीवर, आणि ते तिथून काढ असं मी तिला कसं सांगू हे मला कळत नाही. ठेवताना ती म्हणाली, "अब्बा देखते तो खुश होते."

अम्मीला मराठी वाचता येत नाही, तरी हा कागद घरात ठेवायची मला भीती वाटते. आणि पाठवायचा तरी कुठे? करावेत की नाही हे विचारतो, असं सुरुवातीला लिहिलं. पुन्हा वाचून पाहिल्यावर दिसतं की ते तसं नव्हतं. चमचे चांगले झाले आहेत, अब्बा. मला ते तुम्हाला दाखवायचे होते.