खाडीतलं वऱ्हाड

आई, तुला वाचता यायचं नाही, म्हणून लिहिताना एकेक ओळ मी तोंडानं बोलते आहे. घरात आत्ता कोणी नाही. तुझा मुलगा ठाण्याला डॉक्टरकडे गेलाय. लग्नाआधीपासून आम्ही दोघं तिथल्याच एका कंपनीत शेजारशेजारच्या टेबलांवर रेडिओ जोडायचो, ते तुला माहीतच आहे. मी साताऱ्याकडची. कोळ्याच्या घरात मला कोणी दिलं नव्हतं, मी स्वतःहून आले, म्हणून माझ्या वडिलांनी सांगून टाकलं, ही मुलगी आम्हाला नाही. नदी एकाच बाजूला वाहते एवढंच मला पाण्याबद्दल ठाऊक होतं. तुझ्या दारात आले त्या दिवशी सकाळी दिवा गावाकडे निघालेलं पाणी दुपारी परत उलटं येताना पाहिलं आणि अंगावर काटा आला. मी तुला तुम्ही म्हणायचे. तू हसायचीस. "तुमी-तुमी कशाला करतंस? मी कं पावनी हाव?" तरी तू म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तू मला ओहोटीच्या वेळी खाडीत नेलंस. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वर ऊन, आणि समोर ते काळे खांब. लांबून पाहिलं तर माणसं उभी आहेत असंच वाटायचं. काही पुरुषभर उंच, काही मध्येच तुटून पोराएवढे झालेले, एक असा कललेला की कमरेला ढोल बांधलाय असं वाटावं. तू हनुवटीनं दाखवत गेलीस. "ह्यो नवरा. ते वाजंत्री. त्या करवल्या." मी विचारलं, नवरी कुठली? "ती पलाली." पलीकडच्या काठावरचं वऱ्हाड होतं म्हणे. होडी ओहोटीत रुतली, तेव्हा मंडळी खडकावर उतरून भरतीची वाट बघत नाचायला लागली. पाणी फिरलंय हे नवरीला कळलं. ती सांगत राहिली, पण ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकू जाईना. शेवटी ती एकटीच चिखलातून काठाकडे चालत सुटली. "मागं वलून बघलान तं समदी दगर झालेली. आजून वाट बघतान तिची." मी शाळेत शिकलेलं तुला सांगितलं, की जमिनीतून लाव्हा येतो आणि थंड होताना त्याचे असे खांब पडतात. तू नीट ऐकून घेतलंस. "थंड झाला? म्हंजे आदी जिता व्हता," एवढंच म्हणालीस आणि पुढे झालीस. सगळ्यात उंच खांबाला लागून एक तुटका खांब होता, वरून गुळगुळीत, पाटासारखा. त्याच्याकडे न बघताच तू म्हणालीस, "हितं बसाचा नाय. नव्या नवरीनं तं नायच."

का, ते तू पुढे पावसाळ्यात सांगितलंस. आपण दोघी पडवीत शिंपल्यांतून कालवं काढून साफ करत बसलो होतो. तुझी धाकटी जाऊ आणि तू एकाच मांडवात लग्न होऊन या घरात आलेल्या, एका ताटात जेवायच्या. ती भर दुपारी सगळ्या गावादेखत त्या दगडावर जाऊन बसली. पाणी चढायला लागलं. तू काठावरून ओरडत होतीस. खाडीत वऱ्हाडाजवळ कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, तरी तू तिचं नाव घेऊन ओरडलीस. होडी सोडेपर्यंत पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. ती उठली नाही. तिनं हातसुद्धा हलवला नाही. "हसत व्हती," तू म्हणालीस आणि पुढचं कालव उचललंस.

त्यानंतरच्या मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न झालं. मला कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून, तेही डोंबिवलीच्या बाजारात, तुझी टोपली डोक्यावरून उतरवताना. मला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती म्हणून तू मला सोबत कालवं काढायला घेऊन गेलीस. तू पुढच्या खडकावर वाकून काम करत होतीस. मी दमले आणि बसले. कुठे बसतेय हे मनात आलंच नाही, आई. आजूबाजूचा दगड चटका देत होता आणि हा मात्र माठासारखा गार. मग ढोल सुरू झाला. भरतीचं पाणी खांबांमधल्या फटींत शिरलं की आत डग्ग डग्ग वाजायचं, आणि वाजंत्री वाजली म्हणत बायका टोपल्या उचलायच्या, हे मला माहीत होतं. पण त्या दुपारी मला ते ऐकून फार बरं वाटलं. वाटलं, चला, आलं एकदाचं बोलावणं. डाव्या हाताला कोणीतरी बसलेलं होतं. मान वळवून बघावंसं वाटलं नाही. लग्नघरात शेजारी कोण येऊन बसलं ते कुठे आपण बघतो.

थोबाडीत बसली तेव्हा पाणी छातीशी होतं. मी तर आत्ताच टेकले होते! तू माझा अंबाडा धरून ओढत होतीस, तुझी टोपली तरंगत निघाली होती, आणि मी किंचाळले, "आई, तू मला मारतेस?" पहिल्यांदा तू म्हटलं ते असं.

घरी येऊन तू चूल पेटवलीस. माझे केस पुसलेस, तांदळाची भाकरी कुस्करून वर गरम कालवण ओतलंस, आणि मी खात असताना बघत बसलीस. मग हळूच विचारलंस, "तुझ्या बाजूला कोन व्हती?"

"म्हणजे?"

"दोगी बसलेलाव. मी दोगींना बघलंय."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, कोणीतरी होतं खरं, पण मी पाहिलं नाही. तू चुलीकडे तोंड फिरवलंस. "मी वढत व्हती तं तू हलत नव्हतीस. मंग तिनंच तुना माझ्याकरं ढकलली." बराच वेळ लाकडं सारखी करत राहिलीस. "मायेनं का आपली जागा राखाला, ते मना नाय ठावं."

नव्वद सालानंतर कधीतरी खाडीकाठानं रस्ता काढायचं ठरलं, आणि भरावासाठी ते खांब फोडणार असं ठेकेदाराच्या माणसानं गावात येऊन सांगितलं. गावकी भांडली, नारळ फुटले, पण ट्रक आलेच. सुरुंग लावायच्या आदल्या दुपारी तू एकटी वऱ्हाडाकडे गेलीस. मी काठावर उभी आहे. तू त्या पाटासारख्या दगडासमोर उभी राहून काहीतरी बोलते आहेस, हात हलवते आहेस, माहेरी आलेलीला निघायची घाई करावी तशी. मग तू वळतेस. येताना तुझा एक हात अंगापासून लांब आहे. चिखल खोल लागला की तू थांबतेस, मागे वळतेस, कोणाला तरी आधार द्यावा तसा तो हात पुढे करतेस, आणि पुन्हा चालतेस. मला तू एकटीच दिसते आहेस. काठावर आलीस तेव्हा मी दुसरीकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी स्फोट झाले, काळे तुकडे शीळफाट्याच्या बाजूला गेले, आणि भरतीला आवाज राहिला नाही. पाणी नुसतं येऊन उभं राहायचं.

तू आजारी पडलीस ती त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. त्या दिवशी तुझा मुलगा औषध आणायला कल्याणला गेला होता. मी तुझ्या खाटेवर बसून तुला पेज भरवत होते. तू माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सरक जरा. तिना बसू दे." मी वाटी घेऊन पायथ्याकडे सरकले. तुझ्या उशाशी खाटेची सुतळी करकरली आणि कोणी टेकावं तशी खाली दबली. तू हसलीस. "यवरा उशीर केलास?" म्हणालीस, आणि मग काहीबाही बोलत राहिलीस, कोणाच्या तरी लग्नातलं, हळदीतलं, मला न कळणारं. संध्याकाळच्या आत गेलीस. तुझ्या मुलाला मी सांगितलं, आई झोपेत गेली. अजून तो तेच धरून आहे.

हा कागद कुठे टाकायचा नाही, तुझ्या लुगड्यांच्या पेटीत ठेवेन. तू गेलीस त्या दुपारी मी घाबरले असेन असं कोणालाही वाटेल. मी घाबरले नव्हते. तू माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाहीस, पेजेची वाटी हातात धरून मी तशीच बसून राहिले, आणि आई, मला तिचा हेवा वाटला.