चोवीस व्होल्टचा डबा

अप्पा, तुम्ही होतात तेव्हा ही वस्तू आपल्या दुकानात नव्हती, म्हणून आधी ती काय ते सांगते. बॅटरी उतरलेली गाडी चालू करायला आता दुसरी बॅटरी उचलून न्यावी लागत नाही. जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठा एक डबा मिळतो, त्याला दोन चिमटे असतात, ते लावायचे आणि स्टार्टर मारायचा. जम्प स्टार्टर म्हणतात त्याला. घाटकोपरचं आपलं बॅटरीचं दुकान तुमच्यामागे मीच चालवते, तेव्हा असे डबे मी विकतेही. तरी मुलुंडच्या काकांसाठी एक निवडायला मला तीन आठवडे लागले. काका म्हणजे तेच ट्रकवाले, ज्यांचा निरोप आला की तुम्ही भरल्या ताटावरून उठायचात. त्यांनी टर्बोचा मोठा ट्रक घेतलाय आणि माल भरताना तो दोनदा बंद पडला. दुकानात आले, माझ्याकडे बघितलं, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुझा भाऊ येतो का गं इकडे? त्याला विचारायचं होतं." बारा वर्षं मी त्यांना बॅटऱ्या देतेय.

दादा बोरिवलीला राहतो, विम्याच्या ऑफिसात बसतो. पाना त्याने शेवटचा कधी हातात धरला, ते त्यालाही आठवणार नाही. पण बंद पडलेली गाडी बघायला तुम्ही त्याला स्कूटरवर मागे बसवून न्यायचात, ते लाइनीतल्या सगळ्या ट्रकवाल्यांनी पाहिलंय. आणि मी तेव्हा दुकानात. बॅटरीच्या टोकांवर आलेली पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुतेय, झाकणं उघडून पाणी भरतेय, शाळेच्या स्कर्टला ॲसिडची भोकं पडताहेत आणि आई त्यावरून ओरडतेय. एकदा मी चार्जरला हात लावला तर तुम्ही मालवणीत गरजलात, "हात काढ गो चेडवा, भाजशील." दादा भाजेल अशी भीती तुम्हाला कधी वाटली नाही. त्याला तुम्ही ॲसिड मोजायची काचेची नळी दिलीत, त्याच आठवड्यात मला रंगपेटी दिलीत. चांगली बारा रंगांची होती. मी तिला दिवाळीपर्यंत हात लावला नाही. माझ्या पोटात दुखायचं अप्पा, आणि अजून दुखतं, हे या वयात लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

म्हणून मी हट्टाला पेटले. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठा आकडा छापलेला असतो, तो एका क्षणाचा जोर असतो. इंजिन फिरवायला लागणारा खरा करंट मागे बारीक अक्षरात असतो, तो कुणी वाचत नाही. टर्बोच्या डिझेल इंजिनाला तो भरपूर लागतो. त्यात काकांचा ट्रक चोवीस व्होल्टचा, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. शिवाय डबा पडून राहणार ट्रकच्या केबिनमध्ये, मे महिन्याच्या उन्हात, आणि आतली बॅटरी उन्हाने फुगते. मी दोन डबे मागवून परत पाठवले. शेवटी चोवीस व्होल्टचा मिळाला तो वेगळाच निघाला. त्यात बॅटरीच नाही. उतरलेल्या बॅटरीत उरलेला थोडासा जीव तो हळूहळू ओढून घेतो आणि एकदम सोडतो. तुम्हाला आवडला असता.

रविवारी काका ट्रक घेऊन दुकानासमोर आले, बॅटऱ्या जवळजवळ उतरलेल्या, आणि शेजारी दादा. काकांनी त्याला परस्पर फोन केला होता. दादाच्या हातात त्याने स्वतः मागवलेला डबा. "सगळ्यात मोठा आकडा आहे बघ याच्यावर," तो म्हणाला. मी खोक्यावर वाचलं, बारा व्होल्ट. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी त्याला चिमटे लावू दिले, काकांना ड्रायव्हरच्या जागेवर चढू दिलं. लाल दिवा लागला आणि डबा नुसता टीं टीं करत राहिला. मला मनातून गोड वाटलं.

दादा खदखदून हसला. "वाट लागली यार. तू बघ ना, तुलाच कळतं यातलं." त्याला कसलंच वाईट वाटत नाही, याचाच मला सगळ्यात राग येतो. ज्याला मिळालंय त्याला सोडून देणं सोपं असतं. मी माझा डबा जोडला, पाचेक मिनिटं थांबायला लावलं, मग म्हटलं, "काका, मारा स्टार्टर." इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काका लगेच ॲक्सिलरेटर दाबायला गेले, तशी मी ओरडले, "रेस देऊ नका. आधी तेल टर्बोपर्यंत पोचू दे." काका खाली उतरले आणि त्यांनी पाठ कुणाची थोपटली? दादाची. "शेवटी अप्पांचंच रक्त रे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुला गं हे कुणी शिकवलं?"

खरं उत्तर होतं, कुणी नाही. मी शिकले ती माहितीपुस्तकं वाचून, माल परत करून, एकदा हात भाजून. पण मी म्हटलं, अप्पांनी. आणि सांगत सुटले. मुलुंडच्या नाक्यावर भर दुपारी एक ट्रक बंद पडला होता, अप्पांनी शेवटचा काळा चिमटा माझ्या हातात दिला, म्हणाले, हा बॅटरीवर नाही, लांब चासीच्या लोखंडाला लावायचा, कारण ठिणगी उडते. ठिणगी उडाली, मी घाबरले, आणि इंजिन लागेपर्यंत अप्पांनी माझं मनगट धरून ठेवलं. काकांचे डोळे भरून आले. "असेच होते अप्पा," म्हणाले, आणि बाकीच्या गाड्यांसाठीही डबे तूच निवड, असं मला सांगून गेले. मला, दादाला नाही. दादा तिथेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि खाली बघून चिमट्यांच्या वायरी गुंडाळत राहिला.

मुलुंडच्या नाक्यावरच्या त्या दुपारी मी घरी होते. दादाने ती गोष्ट संध्याकाळी जेवताना मला सांगितली होती, मनगट पुढे करून, आणि मी त्याला ती तीनदा सांगायला लावली होती. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही म्हणाला असता, अगं, तो तर दादा होता. माहीत आहे मला अप्पा. तो दिवस दादाचा होता. मी घेतलाय, आणि परत द्यायचा माझा विचार नाही.